दोन्ही बाजूंनी ऐकणारा माइक

रतिलाल नाना केळीच्या बागेत उभे राहून बोलायला लागले, की रस्त्यावरची रिक्षा आपल्यालाच हाक मारली असं समजून थांबायची. त्या आवाजावर त्यांनी सोसायटीची निवडणूक जिंकली, व्यापाऱ्यांना नमवलं आणि घरातली बहुतेक संभाषणं एकट्याने पार पाडली. बायको बोलत नसे असं नाही. बेबाबाई बोलत. नाना मध्येच बोलत, एवढंच.

त्यामुळे घशाची पेटी काढावी लागणार, ही बातमी जळगावहून गावात आली तेव्हा सगळे नानांनाच भेटायला आले. पेटी बेबाबाईंची होती. ऑपरेशन मंगळवारी, आणि त्यानंतर आवाज नाही.

दोघं दवाखान्यातून गाडीने परतत होते. सावदा आलं तेव्हा नाना म्हणाले, "तुहा आवाज भरून ठिवू."

"कशात? बरनीत?" बेबाबाई म्हणाल्या. आवाज आधीच खरखरीत झाला होता.

"मस्करी नको करू. मले लागीन ना मागून ऐकाले."

हे वाक्य नाना खालच्या आवाजात बोलले, म्हणून ड्रायव्हरलाही ते खरं वाटलं.

सोमवारी भुसावळहून जुनैद आला. लग्नाचे व्हिडिओ काढणारा, कामाचा चोख मुलगा. गाठीच्या तपासणीमुळे बेबाबाईंच्या गळ्याला पट्टी होती, म्हणून पदराला लावायचा छोटा माइक घासला असता. त्याने मोठा माइक काढून मधल्या स्टूलवर उभा केला. माइकच्या अंगावर एक खटका होता आणि त्याखाली तीन चित्रं.

"नाना, हा बदाम. बदामावर ठेवला तर फक्त समोरचं ऐकतो. हा गोल, म्हणजे चहूबाजूचं. आणि हा इंग्रजी आठ. हा समोरचं आणि पाठीमागचं ऐकतो, बाजूचं नाही."

"पत्ते खेळायला आला का रे?"

"आवाज काकूंचा पाहिजे ना? मग बदाम त्यांच्याकडे करून ठेवतो."

"मग माझा?"

"तुमचा कशाला?"

नानांना हा प्रश्न कोणी आजवर विचारला नव्हता. "अरे, मी विचारल्याशिवाय ती बोलेल कशी?" मग ते गोलावर आले; पण शेजारी पिठाची गिरणी चालू होती, ती सबंध आत आली असती. राहिला आठ. एका बाजूला नाना, समोर बेबाबाई, मध्ये माइक. जुनैदने मान डोलावली. नवरा-बायकोसाठी तसं ते बरोबरच होतं.

हेडफोन नानांनी स्वतःच्या कानाला लावले. "हॅलो," ते म्हणाले, आणि खूश झाले. आपला आवाज इतका भारदस्त आहे हे त्यांना माहीत होतं, पण पुरावा आज मिळाला.

तेवढ्यात थोरले भाऊ आले आणि नानांच्या मागच्या खाटेवर टेकले. बेबाबाई पटकन उठल्या. मोठ्या दिरासमोर नवऱ्याच्या तोंडासमोर बसायचं नाही, ही त्यांची सासरी आल्यापासूनची रीत. पदर ओढून त्या स्टूलच्या एका अंगाला, भिंतीशी बसल्या.

"काकू, समोरच बसा," जुनैद म्हणाला. "बाजूचं येणार नाही, नाना."

"राहू दे रे. भाऊ बसलेत ना."

"मग खटका गोलावर करू?"

"अरे, कानात मी ऐकतोय ना! तू कॅमेरा सांभाळ."

आणि नानांना खरोखर काही वावगं वाटलं नाही. बेबाबाईंचं बोलणं कानात पुसट येत होतं. पण ते त्यांना इतकी वर्षं तसंच येत आलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला. महिन्याभराने जुनैद पेनड्राइव्ह घेऊन आला आणि चहा न घेता निघाला. "आवाज वाढवून पाहिला, नाना. सगळं करून पाहिलं," एवढंच म्हणाला.

बेबाबाई दाराशी बसल्या होत्या. गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल. टीव्हीवर नाना गरजले, "लग्नात आपली दमनी बैलांसकट चिखलात फसली होती, सांग बरं कशी!" मग भिंतीशी बसलेल्या बेबाबाईंचे ओठ हलायला लागले. हात हलले. एकदा तर त्यांनी डोळे मोठे करून बैलाची नक्कल केली. आवाज म्हणाल तर लांब कुठे कोणी सूप झटकतंय असा. मधूनच थोरल्या भाऊंचा खोकला. तो मात्र इतका स्वच्छ, की घशातला कफ मोजता यावा.

"बरोबर! अगदी बरोबर!" टीव्हीतले नाना म्हणाले.

काय बरोबर होतं, ते खाटेवरच्या नानांना आठवेना. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. आवाज शेवटपर्यंत वाढवला तेव्हा त्यांचाच प्रश्न घरभर आदळला आणि कोपऱ्यातली मांजर उठून गेली.

"काय म्हनली होती वं तू तवा?" त्यांनी वळून विचारलं आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला. आता पडद्यावर दोघंही नुसतेच ओठ हलवत होते. बेबाबाईंनी पदराचा बोळा तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसतात की रडतात हे आजवर नानांना वळूनसुद्धा पाहावं लागलं नव्हतं, आवाजावरून कळायचं. ते खाटेवरून उतरले, जवळ जाऊन उकिडवे बसले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पदर काही खाली येईना.