गोळ्यांचे वाटे

तोरण्याच्या उतारावर धनगरांची आठ उंबऱ्यांची एक वाडी होती. तिथले म्हातारे आबा शिंकले, की शिंक समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि आबा तिलाही "आलो, आलो" म्हणून ओ द्यायचे. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण हैबतीच्या बायकोचं दुखणं मात्र खरं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. धोंडाबाईला सणसणून ताप भरला, बरगडीत कळ उठली, थुंकीला विटेचा रंग आला. हैबतीनं तिला घोंगड्याच्या झोळीत घालून विंझरच्या दवाखान्यात नेलं. वडीलधारे म्हणून आबाही शिंकत शिंकत सोबत निघाले. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, बोटं ठोकून पाहिली आणि न्यूमोनिया सांगितला. आबांचा घसा पाहून साधं पडसं म्हणाले. मग कपाटातून सल्फाच्या पांढऱ्या गोळ्या काढल्या. लढाईमुळे त्या मिळेनाशा झाल्या होत्या. होत्या तेवढ्या सगळ्या धोंडाबाईच्या पुडीत बांधल्या. दर चार तासांनी दोन, वर तांब्याभर पाणी, आणि ताप उतरला तरी पुडी रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही, असं दोनदा बजावलं.

आबांच्या वाट्याला आल्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ते त्यांना फार लागलं. पडशाला या गोळीनं गुण येणार नाही, उलट पोट बिघडेल, असं डॉक्टर समजावत राहिले. आबांनी मान फिरवली ती वाडी येईपर्यंत सरळ केली नाही.

वाडीत घड्याळ नव्हतं. कोंबडा, धारा, उन्हं आणि चांदण्या यांवर हैबतीनं चार-चार तास बसवले. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप असा उतरला, की धोंडाबाई उठून चुलीपुढं बसली आणि भाकरी करपवल्याबद्दल नवऱ्याला बोलली.

पुडीत चोवीस गोळ्या उरल्या होत्या. वाडीची रीत अशी, की बकरं पडो की मधाचं पोळं सापडो, पळसाच्या पानांवर आठ सारखे वाटे पडायचे. आबांनीच आठवण केली. हैबतीलाही वाटलं, बाई तर बरी झाली, आता उरलेलं एकट्यानं ठेवायचं कुठल्या तोंडानं? पानं मांडली गेली, घरटी तीन गोळ्या. कुणी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या, कुणी कणगीत खुपसल्या. पुढंमागं कुणाचं काही दुखलं तर असाव्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताप परतला. धोंडाबाईच्या नाकपुड्या उडायला लागल्या. हैबती विंझरला असा पळाला, की त्याची सावली वाटेत दोनदा दम खायला बसली. वाटे पडल्याचं ऐकून डॉक्टर रागावले नाहीत. रोग अर्धाच मेला होता, तो उठून बसलाय, म्हणाले. दवाखान्यात आता गोळी नव्हती, यायला आठवडा लागणार होता, आणि बाईला आठवडा नव्हता. औषध तुझ्याच वाडीत आहे, ते गोळा कर, असं सांगून त्यांनी त्याला परत धाडलं.

दिलेला वाटा परत मागणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं. हैबती मुंडासं हातात घेऊन उंबऱ्या-उंबऱ्यावर गेला. देव्हाऱ्यातल्या गोळ्या आल्या, कणगीतल्या आल्या. सगळ्यात शेवटी आबांचं दार.

"हैबत्या, वाटा मागं मागतोस? माझ्या बापाच्या वक्तापासनं असं झालं न्हाई."

"न्हाई झालं, आबा. वाळीत टाका मला. पर ती बरी झाल्यावर टाका."



"दोन म्या गिळल्या," आबा म्हणाले. "पडसं हाय तितंच हाय. मळमळतंय मातुर लई."

त्यांनी कमरेची चंची सोडली आणि तंबाखूतून तिसरी गोळी काढून, फुंकून, हैबतीच्या हातावर ठेवली.

हैबतीच्या घरच्या तीन धरून बावीस भरल्या. वेळ चुकू नये म्हणून आबा त्याच्या दारातच येऊन बसले. कुणी वाळीत टाकायचं नावही काढलं नाही. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि शेवटच्या दोन गोळ्या उरल्या तेव्हा धोंडाबाई भाकरी मागत होती. तिनं तळहातावरच्या गोळ्यांकडं पाहिलं आणि त्यातली एक आबांपुढं धरली.

"मला आता काय झालंय? तुमचं पडसं हाय अजून. घ्या, आबा."

"गीळ," आबा म्हणाले. "दोन्ही."

तिनं गिळल्या. हैबतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.