काजाला शोधायला पाच ठिकाणी

दुपारी तीनला वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी चौथ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पालथा पडून तुंबलेला पाइप उपसत होतो. प्लंबरला फोन करायची हीच वेळ सापडते सगळ्यांना.

"भावजी, हे जेवण झाल्यावर बाहेर गेलेत ते आलेच नाहीत. फोन उशाशीच ठेवून गेलेत," एवढं बोलून वहिनी थांबली. पुढचं तिला बोलवत नव्हतं आणि मला ऐकवत नव्हतं.

हे म्हणजे आमचा काजा. टेलर. उमेदवारीत दुसऱ्याच्या दुकानात बसून नुसती शर्टांची काजं करायचा, म्हणून काजा. पुढे स्वतःचं दुकान झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आता एक पेग जरी घेतलास तरी लिव्हर तुला माफ करणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "हात शिवशिवायला लागले की सरळ माझ्याकडे ये. वेळ बघू नकोस." सुरुवातीला दोनदा आलाही. पत्ते खेळला आणि गेला. त्यानंतर थेंबाला शिवला नव्हता.

पण काल त्याचं दुकान गेलं. इमारत पाडायची होती. एकतीस वर्षं चालवलेलं मशीन टेम्पोत चढवताना तो एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आणि आज त्याने मला साधा फोनही केला नव्हता. म्हणजे ठरवूनच गेला, असं मी धरून चाललो.

मी पेंटरला गाठलं. हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता पाट्या छापून येतात, त्यामुळे हा कायम घरीच सापडतो. "काजाला शोधायला जायचंय," म्हटल्यावर कुठे ते त्याने विचारलंच नाही. त्याच्यासाठी ती पडत्या फळाची आज्ञा होती.

पूर्वी दर रविवारी आम्ही तिघे निघायचो. आमच्याच वस्तीतले पाच बार, ठरलेला क्रम, एका ठिकाणी एकच ग्लास. आणि एक नियम होता: काही मागवल्याशिवाय बारमध्ये कुणाची चौकशी करायची नाही. नुसतं दारातून डोकावून विचारणाऱ्याला लोक वसुलीवाला समजतात किंवा कुणाचा तरी सासरा. पाण्याच्या ग्लासवर कुणी कुणाचा पत्ता सांगत नाही. म्हणून पहिल्या बारमध्ये आम्ही बसलो, एकेक मागवला आणि मग गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"टेलर? आज नाही बाबा," तो म्हणाला. "बरा आहे ना?"

दुसऱ्या बारमध्ये भिंतभर टीव्ही लावलेला. वेटर सगळे नवे, काजाला ओळखणारं कुणी नाही. पेंटरने त्याचं वर्णन सांगितलं: बुटका, चष्मा, बोलताना समोरच्याची कॉलर नीट करतो. वेटर हसला. आमचे ग्लास मात्र आले होते, ते संपवावे लागले.

तिसऱ्या बारचे उंच स्टूल माझ्या गुडघ्यांचे वैरी. वर चढलो तेव्हाच माझा जीव शिणला होता. ही वाट आपण हौसेने चालायचो, याचंच मला नवल वाटायला लागलं. तिथेही काजा नव्हता. तिथे फोन वाजला. घरून. आता ही विचारणार, मागे कसला गलका ऐकू येतोय? चोराच्या मनात चांदणं. बारमध्ये बायकोचा फोन घ्यायचा नाही, हे तर आम्ही तरुणपणीच ठरवलेलं. मी फोनचा आवाज बंद केला आणि खिशात टाकला.

चौथ्यातही नाही. पाचव्या बारमध्ये पेंटर खुर्चीत बसला तो उठेचना. त्याचे डोळे भरून आले होते. "पहिला ग्लास त्याला आपणच पाजला रे," तो म्हणाला. "तो नको नको म्हणत होता. मी त्याचं नाक धरलं होतं, आणि तू हसत होतास."

मी हसलो होतो, हे खरं होतं. वाटलं, काजा मेला तर मला वहिनीला तोंड दाखवता येणार नाही.

पेंटरला त्याच्या दारात सोडून मी घराकडे वळलो. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा आणि मग वहिनीकडे जायचं, असा विचार होता.

बायकोने दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरली.

"सहा फोन केले," ती म्हणाली. "वहिनींनीही केले. भावजी तीन वाजल्यापासून इथे बसलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

आत खिडकीपाशी काजा बसला होता. त्याच्या पुढ्यात माझे शर्ट होते, घरातले सगळे. त्याचे हात गुंतलेले राहावेत म्हणून हिने कपाट रिकामं करून दिलं होतं. तुटलेली बटणं तर त्याने लावलीच, पण धडधाकट होती तीही उसवून पुन्हा लावली होती. त्याच्या कपाळावर घाम होता. पण तो शुद्धीत होता, पुरता शुद्धीत. मला इतका आनंद झाला की मी हात पसरून त्याच्याकडे धावलो.

"तिथेच थांब," तो म्हणाला.

मी थांबलो. त्याने रुमाल नाकाला लावला होता.

"पाचही फिरलास?"

"तुलाच शोधत होतो रे."

"माहीत आहे मला." त्याचा आवाज चिरका झाला. "चार तास कसेबसे काढलेत मी. वहिनीने तीनदा चहा केला. आता तू जवळ येऊ नकोस. तुझ्या तोंडाचा वास येतोय, आणि मला तो फार चांगला वाटतोय."

बायकोने पायात चपला सरकवल्या. "चला भावजी, मी सोडते तुम्हाला घरी," ती म्हणाली. दाराशी जायला वाट माझ्याच बाजूने होती. मी भिंतीला पाठ लावली, तोंड घट्ट मिटलं आणि ते दोघे जिना उतरून जाईपर्यंत श्वास रोखून उभा राहिलो.