गाडी अजून पुलापाशीच

फोनवर गाडीची वेळ बघा म्हटलं की बाबा नाक मुरडतात. आयुष्य छापखान्यात संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर गेलेलं, त्यामुळे सगळं स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमधूनच हवं. मी फोन काढला तर म्हणाले, "ठेव ते खेळणं." आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यांनी ऑक या जुन्या संगणकभाषेत एक छोटी स्क्रिप्ट खरडली. दर मिनिटाला तिला एक ओळ मिळणार, त्या ओळीसरशी ती बाहेरची एक कमांड चालवून ताईची गाडी कुठवर आली ते विचारणार आणि उत्तर पडद्यावर छापणार.

ताई माझी थोरली बहीण. तिने लांबची नोकरी धरली, त्यावरून बाबांशी कडाक्याचं वाजलं आणि तेव्हापासून दोघांचा अबोला. आज ती इथे गाडी बदलणार होती. तिने मला कळवलं होतं, "बाबा स्टेशनवर आले तर घरी येईन. नाहीतर पुढची गाडी आहेच." बाबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

पडद्यावर ओळी पडत होत्या. गाडी पुलापाशी. गाडी पुलापाशी.

"सिग्नल मिळाला नसेल," बाबा म्हणाले. "आत्तापासून तिथे जाऊन ताटकळण्यात काय अर्थ आहे?"

खरं म्हणजे ती घरी आलीच नाही तर, या धास्तीने त्यांना तिथे उभं राहवणार नव्हतं. एवढा हेकट माणूस, पण लेकीपुढे पार ढेपाळतो. मला त्यांचा राग येत होता आणि मायाही.

शेवटी मला राहवेना. लॅपटॉप ओढून स्क्रिप्ट वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो बाबा, उत्तर घेतल्यावर कमांड बंदच केली नाहीत. बंद केल्याशिवाय ती पुन्हा चालत नाही. तुमची स्क्रिप्ट एकदाच विचारून तेच उत्तर छापत बसलीये."

बाबांचा चेहरा उतरला. हीच चूक केली म्हणून लहानपणी आम्हा दोघी बहिणींना त्यांनी किती फैलावर घेतलं होतं.

धापा टाकत स्टेशनवर पोचलो. तिची गाडी केव्हाच येऊन रिकामी झाली होती. पुढची गाडी समोर लागलेली आणि ताई डब्याच्या दाराशी बॅग घेऊन उभी. मी भराभर सगळा घोळ सांगितला. आधी तिला हसू आवरेना. मग ते ओसरलं.

"बाबा, मलाही तुम्ही एकदाच विचारलं होतंत," ती म्हणाली. "इथेच राहतेस का म्हणून. मी रागात होते, नाही म्हणाले. नंतर विचारलंच नाहीत."

बाबा शर्टाची बाही उगाच खाली ओढत राहिले. गाडीने शिट्टी दिली.

"येतेस का घरी?" त्यांनी विचारलं.

ताईने एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं.

"येतेस का?" बाबांनी पुन्हा विचारलं, आणि तिने बॅग त्यांच्या हातात दिली.