तोच प्रश्न, दुसऱ्यांदा

या, असे पुढे सरका. लांब बसून गोष्ट मनाला लागत नाही. सांगतो ती एका सुनेची आहे, आणि ऐकाल तर तुमची-माझीही.

नवऱ्याचं काम सुटलेलं. वृद्धाश्रमात सेविकेची जागा मिळाली तरच चूल पेटणार, म्हणून ही तिथे गेली. सासऱ्यांना घरी एकटं ठेवता येईना. तेही शेजारच्या खुर्चीत. पुढ्यात प्रश्नांचे कागद: तुमचा स्वभाव कसा, खुणा करा. ‘वडीलधाऱ्यांवर माझा आवाज चढत नाही.’ हिने ‘अगदी बरोबर’वर खूण केली. खोटं नव्हती बोलत बरं का! मागायला आलेला माणूस मनानेही न्हाऊन-माखून आलेला असतो. त्या घडीला तिला तसंच वाटत होतं.

“झालं का गं?” सासऱ्यांनी विचारलं.

“होतंय, बाबा.”

“झालं का?”

“होतंय म्हटलं ना!”

“अगं, पण झालं...”

“तोंड मिटून बसा हो जरा! जीव नकोसा केलाय नुसता!”

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. बाबा खुर्चीत आक्रसले. हिचे कान तापले. पान उलटलं, तर तोच प्रश्न वेष पालटून उभा: ‘कधी कधी मी म्हाताऱ्या माणसांवर खेकसते.’ शेजारी बाबा श्वाससुद्धा जपून घेत होते. हिने पुन्हा ‘अगदी बरोबर’वर खूण केली.

मुख्य बाईंनी कागद पाहिले. “इथे गाय, तिथे वाघीण! खरी कोण? एखादी खूण चुकली असेल तर आताच सांगा.”

सून तोंड उघडणार, तोच बाबा काठी टेकत उठले. “दुसरी चुकलीय, बाईसाहेब. माझी सून ही. आजवर मला चढ्या आवाजात बोललेली नाही. मी साक्षीला आहे ना!”

नुसती मान हलवायची होती. तिला हलवता येईना.

“चुकली नाही,” ती म्हणाली. “आत्ताच खेकसले यांच्यावर, सगळ्यांनी ऐकलं. पहिली खूण केली तेव्हा... तेव्हा मला मी तशीच वाटले होते.”

“असं,” बाई म्हणाल्या. “कळवू आम्ही.”

कळवू म्हणजे काय, ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

जिना उतरताना बाबांनी तिचा हात धरला. हळूच विचारलं, “मी नीट सांगितलं ना गं?”

तिला मान वर करवेना.

आज नाम घ्यायला बसाल, तेव्हा सुनेचं राहू द्या. पण त्या म्हाताऱ्याला तेवढं आठवा.