वेन्डेलिनचे गार पाय

मी झारी बोलतेय. जस्ताच्या पत्र्याची, लांब मानेची, तोंडाला चाळणी नसलेली. बव्हेरियातल्या डोंगराखालच्या एका गावात निसर्गोपचाराचे वैद्य तयार व्हायचे. रुग्णाच्या पायांवर गार पाण्याची धार सोडणं हा तिथला मुख्य उपचार; माझ्यातून पाणी ओतता ओतताच त्यांच्या हाताला वळण लागायचं. पाणी पायावर आदळता कामा नये, ओल्या फडक्यासारखं लपेटलं पाहिजे. "पाणी ओतायला काय शिकायचं?" असं म्हणणारे पहिल्याच दिवशी फरशीवर तळं करून ठेवायचे.

शिकवायच्या क्रेसेन्झबाई. महाकडक! "आधी कारण शोधा," त्या म्हणायच्या. "झोप, जेवण, घरातली भांडणं, सगळं विचारा. बरं करतो निसर्ग, आपण वाट मोकळी करायची. आणि आपल्या हातून अपाय होणार असेल, तर हात खिशात!" आलेल्या प्रत्येकाला त्या स्वतः तासभर विचारत बसायच्या. लोक रडून मोकळे होऊन जायचे.

सरावाला पाय मात्र घरचेच होते. बाईंचा नवरा वेन्डेलिन, म्हातारा सुतार, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीत बसायचा. "या मंडळी, फुकटचे पाय आहेत, लाजू नका!" असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. मला तो फार आवडायचा.

मग त्याचे पाय गार लागू लागले. गार पायावर गार पाणी घालायचं नाही, हा इथला पहिला नियम. म्हणून आधी ते गरम पाण्यात बुडवायचे, ऊब आली की मला उचलायचं. नियम काटेकोर पाळला जायचा. पाय गार का पडतात, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. वेन्डेलिनने डोंगरावर चीज आणायला जाणंही सोडलं. आळशी झालाय, म्हणून बाई त्याला चिडवायच्या.

एके दिवशी गुद्रुन नावाची विद्यार्थिनी थबकली.

"बाई, यांचा अंगठा काळानिळा दिसतोय."

"अगं, बूट चावला असेल," वेन्डेलिनच घाईने म्हणाला. "ओत तू."

बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्या त्याला शहरातल्या रुग्णालयात घेऊन गेल्या. पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्या होत्या. एक पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

तो घरी आला तेव्हा बाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या, नव्या रुग्णासमोर बसायच्या तशा.

"कधीपासून दुखत होतं रे?"

"झाले असतील दोन हिवाळे. चार पावलं टाकली की पोटरी आवळायची."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांना विचारायचीस ना तू," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, कधीतरी माझी पाळी येईल."

बाईंना रडू आवरेना. त्यानेच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या जखमेतून तो उठला नाही. वसंताआधीच गेला. बाईंनी वर्ग बंद केला.

आता मी दफनभूमीत असते, नळाशेजारच्या खुंटीवर. माझा तळ गंजलाय. बाई रोज येतात, मला भरतात आणि त्याच्यावरच्या मातीवर अलगद पाणी सोडतात. सोडताना विचारतात, "झोप लागली का रे? काही दुखतंय का?" मग मला पुन्हा खुंटीला अडकवतात.

माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्या घरात कुणी हसत हसत गप्प बसत असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढं विचाराल का?