भिंतीत हरवलेले पन्नास व्होल्ट

मी वायरमनच्या पिशवीतून बोलतोय. अंगानं पिवळा, डोक्याला उघडमीट करणारा जबडा आणि पोटातून निघालेल्या लाल नि काळ्या अशा दोन वायरी असलेला मी एक मीटर. जबड्यात तार धरली की तिच्यातून किती करंट जातोय ते मी सांगतो. वायरींची टोकं टेकवली की व्होल्टेज सांगतो, रेझिस्टन्स सांगतो. खोटं बोलणं मला जमत नाही. पण विचारल्याशिवाय बोलणंही जमत नाही, आणि त्यापायी काय होता होता राहिलं ते ऐका.

माझे धनी या कामात तीस वर्षं मुरलेले. हाताला यश होतं, पण एक खोड होती. व्होल्टेज ते कधी मोजायचेच नाहीत. "ते काय मोजायचं? दोनशे तीसच असतं," असं म्हणून नुसता करंट बघायचे, मनातल्या मनात दोनशे तीसनं गुणायचे आणि वॅट सांगून मोकळे व्हायचे. माझ्या लाल-काळ्या वायरींची घडी महिनोन् महिने मोडायची नाही. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग त्यांची सून कामाला येऊ लागली. इलेक्ट्रिकचा कोर्स केलेली, खिशात छोटी वही ठेवणारी. धनी चिडवायचे, "सूनबाई, आपल्याला दिवा लावायचाय, पेपर नाही सोडवायचा." ती हसायची आणि गणित पुरं करायची.

त्या दिवशी आम्ही शिवणकाम करणाऱ्या एका ताईंकडे गेलो होतो. तक्रार जुनीच, गीझरचं पाणी तापत नाही. ही आमची तिसरी खेप. पहिल्या खेपेला धन्यांनी थर्मोस्टॅट बदलला होता, दुसऱ्या खेपेला कॉइल. आता सॉकेट उघडून त्यांनी एक तार माझ्या जबड्यात दिली. मी सात पॉइंट दोन अँपिअर दाखवले.

"साडेसोळाशे वॅट. गीझर दोन हजारांचा," धनी वैतागले. "दुकानदारानं कॉइलच खराब दिली."

सुनेनं गीझर बंद केला, प्लग काढला आणि माझी टोकं कॉइलला टेकवली. मी पंचवीस ओहम दाखवले.

"बाबा, कॉइल ठणठणीत आहे. दोनशे तीस भागिले पंचवीस, म्हणजे नऊच्या वर करंट यायला हवा. सातच का येतोय?"

"तुझा भागाकार चुकला असेल."

"मग गुणाकार तुम्ही करा. पंचवीस गुणिले सात पॉइंट दोन."

धनी पुटपुटले, "एकशे ऐंशी. म्हणजे कॉइलपर्यंत दोनशे तीस व्होल्ट पोचतच नाहीत?"

गीझर पुन्हा सुरू झाला. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला व्होल्टेज विचारलं. मेन बोर्डावर मी दोनशे तीस दाखवले. बाथरूममधल्या सॉकेटवर एकशे ऐंशी. मी स्वतःच चक्रावलो. एकाच घरात, दहा पावलांवर, पन्नास व्होल्ट गायब!

"पन्नास गुणिले सात पॉइंट दोन," सून वहीत न लिहिताच म्हणाली. "तीनशे साठ वॅट. बाबा, अर्ध्या इस्त्रीएवढी उष्णता मधल्या भिंतीत कुठंतरी निघतेय."

मधली भिंत म्हणजे आतली खोली. दार ढकललं तर ताईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांचा वीस दिवसांचा नातू झोपला होता, आणि त्याचा छोटा पलंग भिंतीवरच्या प्लायवुडला अगदी चिकटून होता.

"मुद्दाम तिथं ठेवलाय," त्या कुजबुजल्या. "थंडी किती पडलीय! तेवढीच भिंत छान उबदार असते."

धनी सुनेकडे वळले. "मेन बंद कर!" असं ते इतक्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडू लागलं. ताईंनी त्याला छातीशी धरलं. धन्यांनी प्लाय उचकटला. मागची बाजू काळीठिक्कर झाली होती. आत दोन तारांची टोकं नुसती एकमेकांना पिळलेली, वरची टेप डांबरासारखी वितळलेली. पीळ डाव्या हाताचा होता. धनी डावखुरे आहेत. सुनेनंही तो पीळ ओळखला आणि मान फिरवली.

"उंदरांनी कुरतडली का हो?" ताईंनी विचारलं.

सुटायला वाट होती. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मी तर काही बोललो नसतो.

"नाही ताई. हा जोड माझा आहे, अकरा वर्षांपूर्वीचा. वायर कमी पडली, म्हणून पीळ देऊन झाकून टाकला. तोच सैल पडून तापतोय."

ताई नातवाला घेऊन भिंतीपासून लांब सरकल्या. मग म्हणाल्या, "असं आणखी किती घरांत केलंत?"

धनी बोटांवर मोजू लागले. दोन्ही हातांची बोटं संपली तरी त्यांचं मोजणं चालूच होतं.

तेव्हापासून आम्ही न बोलावता दारोदार फिरतोय. माझ्या वायरींना आता उसंत नाही. अठरा घरं झाली, त्यांतल्या चार घरांत व्होल्ट कमी भरले. दर वेळी मला वाटतं, आता हा धक्का अंगवळणी पडेल. पडत नाही.

आज एकोणिसावं घर. बाईंनी दार किलकिलं केलं, म्हणाल्या, "आमचं सगळं ठीक आहे. हल्ली पाणी जरा उशिरा तापतं, एवढंच," आणि लावून घेतलं. तीस वर्षं आपल्या कामाविषयी ब्र ऐकून न घेतलेले माझे धनी बंद दारापाशी उभे राहून सांगतायत, "बाई, उघडा. मी वाईट काम करून ठेवलंय. एकदा बघू द्या."

आत गीझर सुरू केल्याचा खटका ऐकू आला. धनी दोन्ही हातांनी दार ठोठावू लागलेत.

उघडा हो बाई. मला फक्त दोन टोकं टेकवू द्या. आकडा दोनशे तीस आला, तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.