सारख्या नंबरची माणसं

क्षमाने पुढे केलेला कागद वनमालाने वाचलाच नाही. उलटा करून त्यावर चहाचा पेला ठेवला.

"ताई, दोन मार्ग आहेत," क्षमा म्हणाली. "एक तर सगळ्या रक्तदात्यांची नावं कॉम्प्युटरवरच्या नव्या यादीत हाताने पुन्हा टाइप करायची. दोन-अडीच महिने जातील. नाहीतर प्रोग्रॅम लिहून जुन्या फायलीतून उचलायची. एका दुपारचं काम."

"हातानेच," वनमाला म्हणाली.

मुलुंडच्या या रक्तदाता मंडळाला एका कारखानदाराने पंच्याऐंशी साली कॉम्प्युटर दिला, तेव्हा वह्यांमधली सगळी नावं वनमालानेच त्यात भरली होती, एकेका बोटाने अक्षरं शोधत. तेव्हापासून मंडळाचे चिटणीस बळवंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "वनमालाबाईंना विचारा." यंदा जूनमध्ये क्षमा आली. वय बावीस, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, दहाही बोटांनी टाइप करायची. महिन्याभरात बळवंतराव "क्षमाला विचारा" म्हणू लागले आणि वनमालाच्या पोटात दुखू लागलं. पोरगी उद्धट असती तर निदान रागवायला निमित्त मिळालं असतं. पण ती मेली डब्यातली पहिली वडी ताईंनाच द्यायची.

"एका दुपारी होतंय, तर दोन महिने कशाला घालवायचे?" बळवंतराव म्हणाले.

"आणि सर, दुबार नावंही जातील," क्षमा म्हणाली. "पुन्हा रक्त द्यायला आलेल्यांची नवीन नोंद झालीय. आडनाव कधी आधी, कधी नंतर, म्हणून नावावरून पकडता येत नाही. मी फोन नंबर धरणार. नंबर सारखा असला की पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या."

वनमालाने मान वर केली. क्षमाच्या घरी स्वतःचा फोन होता. घाटकोपरच्या एकाच चाळीतले अकरा रक्तदाते मात्र खालच्या वाण्याच्या नंबरवर होते. आपण निरोप सांगायचा, वाणी माळ्यावर हाक मारायचा. अशा पीपी नंबरांनी यादी भरलेली होती.

"पण..." ती म्हणाली.

"बाई, नव्या माणसांना करू द्या की जरा!" बळवंतराव हसले.

वनमालाने तोंड मिटलं. करा म्हणावं. आपटलात की याल माझ्याकडेच.

काम खरंच एका दुपारी झालं. तेवीसशेची यादी एकोणीसशेवर आली. केवढी साफसफाई झाली म्हणून बळवंतरावांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी क्षमाने एक जाडजूड पाकीट वनमालाच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, सवडीने बघाल?"

वनमालाने ते खणात टाकलं. हिच्या यादीचं कौतुक आता मीच करायचं का?

नवव्या दिवशी दुपारी घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. क्षमाने बटणं दाबली. पडद्यावर तीनच नावं आली. पहिला गावी गेलेला, दुसऱ्याला कावीळ, तिसऱ्याकडे कुणी फोन उचलेना. क्षमा तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

वनमाला याच घटकेची वाट बघत होती. घटका आली, पण आता तिला बघत बसवेना. तिने फोन ओढून घेतला आणि पाठ असलेला वाण्याचा नंबर फिरवला.

"शेठ, लवू परबला हाक मारा. दुसरा माळा. लवकर!"

दोन मिनिटांनी धापा टाकत आवाज आला. "खंय येवचा ता सांगा, बाय."

पाचच्या सुमाराला निरोप आला, बाई वाचली.

"कॉम्प्युटरात नाही ते आमच्या बाईंच्या डोक्यात!" बळवंतराव म्हणाले. "क्षमा, शिक जरा त्यांच्याकडून."

हे ऐकायला वनमाला तीन महिने झुरली होती.

"चूक माझीच, सर," क्षमा म्हणाली. पाकिटाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

वनमालाने खण उघडला. पाकिटाची पिन तशीच होती. ती तिने नखाने उचकटली. आत यादीतून काढलेली चारशे नावं होती आणि वर क्षमाची चिठ्ठी: 'ताई, सारख्या नंबरवर वेगळी माणसंही असतील. ती तुमच्याशिवाय कुणाला ओळखू यायची नाहीत. तुम्ही खूण कराल ती परत घालते.' लवू परब सातव्या ओळीत होता.

"बळवंतराव, पोरीला बोलू नका," वनमाला म्हणाली. "तिने आठ दिवसांपूर्वीच मला विचारलं होतं. मी पाकीट उघडलं नाही."

बळवंतराव छत्री घेऊन निघून गेले. वनमालाने शेजारी खुर्ची ओढली. क्षमा येऊन बसली. वनमालाने लाल पेन्सिल घेतली.

"ताई," क्षमा हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही 'पण' म्हणाला होतात ना? पण काय?"

वनमालाने सातव्या ओळीवर खूण केली. मग तीच खूण पुन्हा गिरवली.